उजव्या कोपऱ्यातली सही

रिंगशॉ गावात स्लेट हिलचा उतार ज्यानं म्हणून गाडीनं उतरलाय, त्याला जॅनिस ऑर्मरॉडनं एकदा तरी थांबवलेलं आहे. सत्तावीस वर्षं ती शाळेसमोर उभी होती. सकाळी पोरं पलीकडे नेऊन सोडायची, दुपारी अलीकडे आणायची. अंगात पोटरीपर्यंत पिवळाजर्द कोट, डोक्यावर टोपी आणि हातात स्वतःपेक्षा उंच दांडा, त्याच्या टोकाला 'थांबा' लिहिलेली गोल पाटी. लांबून पाहिलं तर बाईंनी कुठल्याशा राक्षसाचं लॉलीपॉप पळवून आणलंय असं वाटायचं. पोरं तिला लॉलीपॉपवाली बाई म्हणत. आता त्या पोरांची पोरंही तेच म्हणतात.

पाटी आपली दाखवण्यापुरती. खरं काम तिचा डावा तळहात करायचा. तो वर गेला की खाणीतला दगड भरून आलेला ट्रकसुद्धा फुस्स करून जागेवर उभा राही. तिनं मेयरची गाडी थांबवली, पोलिसांची दोनदा थांबवली आणि एकदा तर चर्चकडे निघालेली शववाहिका थांबवली. चालकानं काच खाली करून डोळे वटारले, तर ही म्हणाली, "आतल्या माणसाला घाई नाही. तुला असेल, तर तू धंदा चुकलास बाबा."

अशी ही बाई. आपण बरोबर आहोत याबद्दल तिला सहसा शंका नसे, आणि वैताग असा की बहुतेक वेळा ती बरोबरच असे.

मागच्या वर्षी जुलैत कौन्सिलनं तिची जागा रद्द केली. खर्च कमी करायचे होते. तिला आभाराचं पत्र आणि जिरेनियमची कुंडी मिळाली, शाळेसमोर दोन लुकलुकणारे दिवे लागले. दिव्यांना तळहात नसतो. नोव्हेंबरात एका सकाळी दुसरीतल्या मुलीचं दप्तर ट्रकच्या चाकाखाली गेलं. मुलगी हातभर मागे होती म्हणून वाचली. दप्तरातल्या डब्याचा पार चेंदामेंदा झाला होता. जॅनिसनं तो चपटा डबा उचलला, पिशवीत घातला आणि थेट कौन्सिलच्या सभेत नेऊन टेबलावर ठेवला.

त्या प्रभागाचे नगरसेवक रोलंड ड्यूहर्स्ट. सोळा वर्षं निवडून येणारे, हाय स्ट्रीटवर गालिच्यांचं मोठं दुकान असलेले. माणूस सभ्य. शाळेसमोरच्या जागेवर काट मारणाऱ्या समितीचे अध्यक्षही तेच. त्यांनी तिचं बोलणं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मिसेस ऑर्मरॉड, तुमच्या भावना पोचल्या. पण हे निर्णय इथं टेबलाभोवती बसलेली माणसं घेतात."

"असं होय," जॅनिस म्हणाली. "मग सरका जरा. मी येते बसायला."

लोक हसले. ती हसली नव्हती. मे महिन्याच्या निवडणुकीत तिनं अपक्ष म्हणून अर्ज भरला. समोर एकटे ड्यूहर्स्ट. जाहीरनामा एका ओळीचा: स्लेट हिलवर माणूस परत उभा करणार. "तो माणूस मीच पाहिजे असं नाही," ती दारोदार सांगायची. "निवडून आले तर मला ती नोकरी करताच येणार नाही. पण त्या रस्त्यावर हात दाखवणारं कुणीतरी पाहिजे."

तिची निवडणूक प्रतिनिधी झाली नसरीन मिर्झा. शाळेच्या स्वयंपाकघरात गेली अठरा वर्षं राज्य करणारी. रोज दोनशे पोरांना कोबी खायला लावणाऱ्या बाईला मतदाराची काय भीती? दार उघडलं की नसरीन आधी घरात किती माणसं आहेत ते विचारायची आणि मग प्रत्येकाला लहानपणी काय आवडायचं ते सांगायची. "तू तोच ना, कस्टर्डसाठी दोनदा रांगेत उभा राहणारा? हं, मग गुरुवारी मतदान आहे. एकदाच उभा राहा."

आता क्लिफर्डबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्याच्यावरच येऊन थांबणार आहे. क्लिफर्ड म्हणजे जॅनिसचा नवरा. पाट्या रंगवणारा पेंटर. यंत्रावर छापलेली अक्षरं येण्याआधी गावातल्या निम्म्या दुकानांची नावं त्याच्या कुंचल्यातून उतरलेली. खाटिकाची, पावाच्या भट्टीची, 'व्हाइट हेअर' दारूच्या गुत्त्याची, आणि हो, ड्यूहर्स्टांच्या गालिच्यांच्या दुकानाचीही. गर्द हिरव्यावर सोनेरी अक्षरं. तीस वर्षं झाली, अजून एक टवका उडालेला नाही. आणि प्रत्येक पाटीत खाली, उजव्या कोपऱ्यात, नखाएवढी सही: सी. ऑर्मरॉड. "सही केली नाही तर काम पुरं झालं असं वाटतच नाही," तो म्हणायचा. "चूक असली तरी कुणाकडे यायचं ते लोकांना कळायला हवं."

अडीच वर्षांपूर्वी त्याला अर्धांगाचा झटका आला आणि उजवा हात गेला. बोलणं महिन्याभरात परतलं, चालणं काठीवर आलं, पण हात काही आला नाही. अक्षरांवर जगलेला माणूस, बँकेच्या कागदावर अंगठा उठवायची वेळ आली त्या दिवशी घरी येऊन भिंतीकडे तोंड करून बसला. दुसऱ्या दिवशी जॅनिसनं स्वयंपाकघरातल्या टेबलावर जाड पेन्सिल ठेवली. डाव्या बाजूला.

अकरा महिने लागले. रोज जेवणानंतर अर्धा तास. सुरुवातीला नुसत्या रेघा, मग गोल. त्याचा ओ फुटक्या अंड्यासारखा यायचा, एम तर वाटेतच बसकण मारायचा. तो पेन्सिल फेकायचा, ती उचलून आणायची. "तुला काय कळतंय अक्षरातलं?" तो ओरडायचा. "मला एकच पाटी वाचता येते," ती म्हणायची, "पण ती सत्तावीस वर्षं वाचतेय. बस खाली." एका मार्चच्या दुपारी सही जुळली. वाकडी, थरथरती, सी खालून वर चढवलेला, शेवटचा डी शेपटासारखा लांबलेला, पण सही. जॅनिस त्या दिवशी हमसून रडली. तो कागद अजून फ्रिजवर चिकटवलेला आहे.

तेव्हापासून क्लिफर्ड दिसेल त्यावर सही करतो. शब्दकोडं सुटलं की त्याखाली, दूधवाल्याच्या चिठ्ठीखाली, वाढदिवसाच्या कार्डावर तर दोनदा. आणि नेहमी खाली, उजव्या कोपऱ्यात.

एप्रिलमध्ये त्याची टपाली मतपत्रिका घरी आली. जॅनिस चहाचे कप आवरत होती, तर तो म्हणाला, "राणीसरकार, बाहेर व्हा."

"आता काय झालं?"

"गुप्त मतदान आहे. उमेदवारानं मतदाराच्या डोक्यावर उभं राहायचं नसतं."

"मलाच देणार ना रे मत?"

"बघू. ड्यूहर्स्टही काही वाईट माणूस नाही. पाटी रंगवताना शिडीवर चहा आणून द्यायचा."

जॅनिस मागच्या अंगणात गेली. दोरीवरचे कपडे वाळले नव्हते तरी काढले आणि परत घातले. वीस मिनिटांनी आतून हाक आली. पाकीट चिकटवून तयार होतं.

"एका फुलीला वीस मिनिटं?"

"काम नीट केलंय," क्लिफर्ड म्हणाला, आणि त्या दिवशी तो फार खुशीत होता.

तिनं ते पाकीट स्वतःच्या हातानं टपालपेटीत टाकलं.

मतदान गुरुवारी झालं, मोजणी शुक्रवारी सकाळी दहाला, क्रीडा संकुलाच्या बॅडमिंटन हॉलमध्ये. जाळ्या काढल्या होत्या, लांब टेबलं मांडली होती, चहाच्या थर्मासपाशी बिस्किटांवरून दोन्ही बाजूंची माणसं एकमेकांना 'तुम्ही आधी, तुम्ही आधी' करत होती. निवडणूक असली म्हणून काय झालं. दारात सगळ्यांना एक कागद हातात मिळाला: आत कुणाचं मत दिसलं तरी बाहेर बोलायचं नाही, बोललात तर गुन्हा. जॅनिसनं तो वाचून घडी घालून पर्समध्ये ठेवला.

नसरीननं तिच्या छातीवर पिवळ्या फितीचं फूल लावलं होतं, बशीएवढं. "जरा लहान नव्हतं का मिळत?" जॅनिस म्हणाली.

"लहान फूल हरणाऱ्यांना. तू जिंकायला आलीयेस ना?"

"जिंकणारच आहे."

"मग हनुवटी वर घे. फुलात बुडतेय."

पेट्या उपड्या झाल्या. मोजणारी माणसं कागद उलगडत, छापील बाजू वर करून रचत, पंचवीस-पंचवीसचे गठ्ठे बांधत. उमेदवारांनी समोर उभं राहून बघायचं, हात लावायचा नाही. ड्यूहर्स्ट हात पाठीमागे बांधून देवळात आल्यासारखे फिरत होते. नसरीन पेन्सिलीनं रेघांवर रेघा ओढत होती आणि कुणी शिंकलं तरी त्याच्याकडे रागानं बघत होती. दोन्हीकडचे गठ्ठे एकाच वेगानं वाढत चालले. अकराला सारखे. साडेअकराला सारखे. बारा वाजता नसरीननं पेन्सिल खाली ठेवली. "ड्यूहर्स्ट सहाशे अकरा. तू सहाशे दोन."

जॅनिसची हनुवटी होती तिथंच राहिली.

"अजून शंकेची मतं राहिलीयेत," नसरीन म्हणाली. "चौदा आहेत. चल."

शंकेच्या मतांचा निवाडा निवडणूक अधिकारी पेनिंग्टन साहेबांकडे. उंच, बारीक, मान घड्याळाच्या लंबकासारखी हळूहळू हलवत बोलणारे. त्यांनी दोन्ही उमेदवारांना आणि प्रतिनिधींना टेबलाभोवती बोलावलं. ड्यूहर्स्टांची प्रतिनिधी फिलिपा नावाची वकील बाई होती, तिचे बूटसुद्धा हरकत घेत चालायचे.

पहिली चार मतं बाद. दोन कोरी, एकावर दोघांनाही फुली, एकावर सगळ्याच राजकारण्यांविषयी अशी एक सूचना की पेनिंग्टन साहेबांनी ती मोठ्यानं वाचली नाही.

पाचवा कागद ठेवला आणि नसरीन फिसकन हसली. जॅनिसच्या नावासमोरच्या चौकोनात फुली नव्हती. एक गोल होता आणि त्याला खाली दांडा.

"हे काय?" फिलिपा म्हणाली.

"लॉलीपॉप," चौघांतून तीन आवाज एकदम आले. त्यातला एक ड्यूहर्स्टांचा होता.

"फुली नाही ती. हरकत आहे माझी."

"फुलीच हवी असं नाही," पेनिंग्टन साहेब म्हणाले. "मतदाराचा हेतू स्पष्ट असला की झालं. आणि हा हेतू तर..." त्यांनी मान इकडून तिकडे नेली. "मलाही स्लेट हिलवर थांबवलंय एकदा. ग्राह्य."

पुढचा कागदही लॉलीपॉप. त्याच्या पुढचाही. एकानं त्यावर 'थांबा' लिहिलं होतं, एकानं शेजारी चिमुकलं पोर काढलं होतं. अशी नऊ निघाली. कुणी ठरवून केलेलं नव्हतं. वेगवेगळ्या गल्ल्यांतल्या नऊ माणसांना पेन हातात आल्यावर तेच सुचलं. जॅनिसचे डोळे भरून आले. तिनं नाक ओढलं आणि कुणी बघितलं का ते बघितलं.

"सहाशे अकरा," नसरीन तिच्या कानात म्हणाली. "सारखे झालात. एक उरलाय."

पेनिंग्टन साहेबांनी शेवटचा कागद टेबलावर सरकवला. फुली होती. जॅनिसच्या चौकोनात, काठांना न शिवणारी, मापून मारावी तशी. आणि खाली, उजव्या कोपऱ्यात, काहीतरी खरडलेलं.

जॅनिस ते बघायला वाकली. सी खालून वर चढवलेला. फुटक्या अंड्याचा ओ. शेवटचा डी शेपटासारखा लांब. वीस मिनिटं. काम नीट केलंय.

"ही सही आहे," फिलिपा लगेच म्हणाली. "मतदाराची ओळख पटते. बाद करा."

पेनिंग्टन साहेबांनी कागद उलटा केला, सुलटा केला, चष्मा काढून नाकाशी नेला. "ओळख पटत असेल तर बाद, खरं आहे. पण नाव वाचता यायला हवं. मला यात एकही अक्षर दिसत नाही. पेन चालतंय का ते पाहिलेलं असेल. कुणाला काही वाचता येतंय?"

"मला नाही," नसरीन झटकन म्हणाली. तिला खरंच येत नव्हतं.

फिलिपानं डोळे बारीक केले. "ते बहुतेक... जी? की क्यू?"

ड्यूहर्स्ट वाकले. माणूस सभ्य होता हे पुन्हा सांगायला हवं, कारण एखादं खोटं नाव घेतलं असतं तरी ते मत बाद झालं असतं. त्यांनी नीट बघितलं आणि हसून मान हलवली. "छे. कोंबडी शाईत पाय बुडवून चालत गेली असणार. हे काही अक्षर नव्हे."

"मग प्रश्न मिटला," पेनिंग्टन साहेब म्हणाले. "नुसती रेघोटी. मत ग्राह्य. मिसेस ऑर्मरॉड, सहाशे—"

जॅनिसचा डावा तळहात वर गेला.

आपण तो वर केलाय हे तिलाही मग कळलं. सत्तावीस वर्षांची सवय. समोरून येणारी गोष्ट थांबवायची असली की तो जातोच. पेनिंग्टन साहेब अर्ध्या शब्दावर थांबले. स्लेट हिलवर थांबले होते तसेच.

"वाचता येतंय," जॅनिस म्हणाली.

नसरीननं टेबलाखालून तिच्या पायावर पाय दिला. चांगला जोरात.

"मिसेस ऑर्मरॉड," पेनिंग्टन साहेब हळू म्हणाले, "हे मत तुमचं आहे. म्हणजे तुम्हाला दिलेलं. ते धरलं तर तुम्ही एका मतानं निवडून येता. तुमच्या लक्षात येतंय ना?"

"मला मोजता येतं साहेब. रेघोटी नाहीये ती. कोंबडीही नाही. ते एक नाव आहे, स्पष्ट लिहिलेलं आहे, आणि ज्याला लिहिता-वाचता येतं त्याला वाचता यावं. पहिलं अक्षर सी. नंतर टिंब. पुढचं सांगू?"

"नको," पेनिंग्टन साहेब घाईघाईनं म्हणाले. "पुढचं सांगू नका. पुढचं सांगितलंत तर मला तुमच्यावरच कारवाई करावी लागेल." त्यांनी पुन्हा एकदा कागदाकडे पाहिलं. एकदा कुणी सी दाखवला की मग तो दिसतोच. त्यापुढचा ओही दिसला. त्यांची मान या वेळी लंबकासारखी हलली नाही. त्यांनी पेन काढलं आणि कागदावर लिहिलं: बाद.

शाळेसमोरचा रस्ता, चपटा डबा, नसरीननं झिजवलेले दरवाजे, सगळं एका कोपऱ्यातल्या सहीवर जॅनिसनं उधळलं होतं. पण पश्चात्ताप मात्र शोधूनही सापडेना. अकरा महिने टेबलाशी बसून उभं केलेलं ते नाव. त्याला चार माणसांसमोर कोंबडीचा पाय म्हणू द्यायचं आणि त्यावर जिंकायचं, हे तिच्यानं झालं नसतं.

"वेडी आहेस तू," नसरीन म्हणाली. "ठार वेडी. कुणाचं होतं ते?"

"पर्समध्ये कागद आहे बघ. बोललं तर गुन्हा आहे."

नसरीननं तिच्या तोंडाकडे पाहिलं. मग तिनं फक्त पिवळं फूल सरळ केलं.

फेरमोजणी झाली. सहाशे अकरा, सहाशे अकरा. पुन्हा झाली. तेच. दुपारचे दोन वाजले, बिस्किटं संपली. पेनिंग्टन साहेबांनी घसा साफ केला. कायद्यानं आता एकच वाट उरली होती, ईश्वरचिठ्ठी. ज्याचं नाव निघेल त्याच्या खात्यात एक मत वाढणार.

"नाणं उडवूया की," ड्यूहर्स्ट म्हणाले. "लवकर आटपेल."

"नाणं खाली पडून टेबलाखाली जातं साहेब, मग वाद होतात," पेनिंग्टन साहेब म्हणाले. त्यांनी एकाच कागदाचे दोन सारखे तुकडे केले, दोन्ही नावं लिहून सगळ्यांना दाखवली, घड्या घातल्या आणि रिकाम्या मतपेटीत टाकून पेटी तीनदा हलवली. सगळा हॉल टेबलाभोवती गोळा झाला. मोजणारे, थर्मासवाली बाई, दाराशी बसलेला पहारेकरीसुद्धा.

"घाबरलीस?" नसरीननं विचारलं.

"नाही," जॅनिस म्हणाली, आणि ते खरं होतं. "मला करायचं होतं ते करून झालं. आता त्या पेटीनं तिचं काम करावं."

पेनिंग्टन साहेबांनी मान वळवून हात आत घातला. चिठ्ठी काढली. उलगडली. त्यांच्यासारख्या माणसानं हसायचं नसतं, त्यांनी हसू आवरलं ते सगळ्यांना दिसलं.

"जॅनिस ऑर्मरॉड."

नसरीननं जी किंकाळी मारली ती बॅडमिंटन हॉलच्या छतावरच्या कबुतरांनाही मानवली नाही. मग रीतसर मंचावर उभं राहून जाहीर झालं: रोलंड ड्यूहर्स्ट सहाशे अकरा, जॅनिस ऑर्मरॉड सहाशे बारा. जॅनिसचं भाषण दोन वाक्यांचं झालं. पहिल्यात तिनं मोजणाऱ्यांचे आभार मानले. दुसऱ्यात सांगितलं की सोमवारी सकाळी ती कौन्सिलच्या दारात असेल, तेव्हा कुणीतरी चावी घेऊन वेळेवर यावं.

बाहेर गाडीपाशी ड्यूहर्स्ट आले. हात पुढे केला. "मिसेस ऑर्मरॉड, टेबलाभोवती जागा झाली तुम्हाला."

"तुम्ही सरकलात चांगले."

ते जायला वळले, थबकले. "माझ्या दुकानाची पाटी... तिच्या कोपऱ्याकडे मी तीस वर्षं रोज कुलूप उघडताना बघतो," ते खाली पाहत म्हणाले. "तरी आज उशीर झाला ओळखायला. मी काही बोललो नाही आणि तुम्हीही काही ऐकलं नाही, कायदा आहे. फक्त ते कोंबडीचं मी मागे घेतो."

"घ्या," जॅनिस म्हणाली. "आणि स्लेट हिलच्या ठरावाला लोक जमवायला मदत करा. तुमचं ऐकतात ते."

"करतो," ड्यूहर्स्ट म्हणाले. आणि पुढे केलीही. सप्टेंबरात शाळा उघडली तेव्हा स्लेट हिलवर पिवळा कोट उभा होता, आत एक दणकट, लाजरा माजी पोस्टमन. पहिला आठवडाभर जॅनिस पलीकडच्या फुटपाथवर उभी राहून त्याला ओरडत होती, "हात वर! आणखी वर! ट्रकला दिसू दे, तुझ्या आईला नव्हे!"

पण ते नंतरचं. त्या शुक्रवारी ती मासळी आणि बटाट्याचे गरम पुडे घेऊन घरी पोचली तेव्हा क्लिफर्ड दारातच काठी टेकून उभा होता. बातमी तिच्या आधी पोचलेली होती. नसरीनचा फोन.

"एका मतानं!" तो म्हणाला. त्याचा चेहरा असा फुलला होता की झटक्यानं वाकडं झालेलं तोंडही सरळ वाटत होतं. "एका मतानं, राणीसरकार! म्हणजे माझ्याच!"

"आत तर येऊ दे, पुडे भाजतायत हाताला."

ती टेबलापाशी गेली. तेच टेबल. पुडे उघडले, व्हिनेगर शिंपडलं, मटारचा वाटा त्याच्याकडे सरकवला. तो बसला, पण खाईना.

"तुला एक सांगू?" तो हळूच म्हणाला. "फुली कुणीही मारतो. नंतर कुणी म्हणायला नको, की भलत्यानंच भरलंय. म्हणून मी खाली सही केली. कोपऱ्यात. आपली नेहमीची." काटा डाव्या हातात तसाच राहिला. "वाचता आली असेल ना गं त्यांना?"

पर्समधला कागद पर्समध्येच होता. जॅनिस समोरच्या खुर्चीवर बसली.

"आली," ती म्हणाली. "साहेबांनी स्वतः वाचली."

"सगळी?"

"सी आणि त्यापुढचं टिंबसुद्धा."

क्लिफर्डनं मान डोलावली, समाधानानं, एखादी पाटी शिडीवरून उतरून लांबून पाहावी तशी. मग त्यानं बटाट्याच्या पुड्याचा कागद ओढला, खिशातली जाड पेन्सिल काढली आणि तेलकट कोपऱ्यात सही केली. जॅनिसनं तो कागद पुसून फ्रिजवर लावला, मार्चच्या कागदाशेजारी.